काट्याची पावती कोणाच्या नावे?

सोलापुराहून तुळजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५२ वर, जिल्ह्याची हद्द ओलांडताच लागणारे तामलवाडी हे गाव आज परक्या प्रवाशाला मुख्यतः तेथील टोलनाक्यामुळे माहीत असते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तुळजापूर तालुका निजामाच्या मुलुखात आणि सोलापूर मुंबई इलाख्यात होते. त्यामुळे या दोन अंमलांच्या सरहद्दीवरून जाणाऱ्या मालाला करोडगिरीच्या शिपायांपुढे उभे राहून, गोणी उघडून दाखवून आणि जकात चुकती करून मगच पुढचा रस्ता मोकळा होत असे. करोडगिरी गेली, सरहद्द पुसली गेली, थांबणे मात्र राहिले. होटगीकडचे सिमेंट, सोलापूरच्या बाजार समितीकडे निघालेला कांदा, लातूर-बार्शीच्या आडतीतले सोयाबीन, क्रशरची खडी आणि हंगामात ऊस, असा नाना प्रकारचा माल येथून रात्रंदिवस जात असतो. आणि या रांगेतील किती गाड्या नोंदणीपुस्तकातील मर्यादेत भरलेल्या आहेत, हे कमानीचे पाटे उलटे वाकलेले पाहून कोणताही क्लिनर उभ्या उभ्या सांगू शकेल.

जादा भाराची गाडी पकडली गेली की वृत्तपत्रात तिच्या चालकाचा उल्लेख येतो, अपघात झाला की गुन्हा त्याच्यावर नोंदविला जातो, आणि चारचौघांत बोलतानाही आपण ‘हे ट्रकवाले’ असा सरसकट शब्दप्रयोग करून मोकळे होतो. वस्तुतः स्टिअरिंगवर बसलेला मनुष्य हा त्या भाराचा कर्ता क्वचितच असतो. माल भरण्याच्या जागी त्याचा शब्द चालत नाही. वाहतूक कंपनीचा मुनीम बिल्टी हातात ठेवतो, गाडीमालकाचा फोन येतो, आणि ‘भर तू, पुढचं मी बघतो’ एवढ्या आश्वासनावर, जेमतेम अठरा-एकोणीस टनांचे पासिंग असलेल्या दहाचाकी गाडीत पंचवीस-सव्वीस टन माल चढविला जातो. नाही म्हणणाऱ्यास कोणी दमदाटी करतोच असे नाही. ‘जमत नसेल तर किल्ली ठेव’ असे त्याला थंडपणे सांगितले जाते, आणि लग्नकार्यासाठी वा आजारपणासाठी त्याने शेठकडून उचल घेतलेली असेल तर ती आधी फेडून जाण्याची आठवण करून दिली जाते. जादा टनामागे काही रक्कम मिळते म्हणून खुशीने भार घेणारे चालकही आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या पगारात घर भागत नाही त्याच्या खुशीला संमती म्हणून न्यायाच्या तराजूत किती वजन द्यावयाचे, हा प्रश्न उरतोच.

कायदा करणाऱ्यांना ही वस्तुस्थिती ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमात वजनाची मर्यादा घालून देताना, त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात असे म्हटले आहे की, जादा भाराची गाडी चालविणारा स्वतः तिचा मालक नसेल, तर हा अपराध मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या हुकुमाने घडला असे न्यायालयास गृहीत धरता येईल. शिक्षा सांगणाऱ्या १९४ व्या कलमाची भाषाही तितकीच व्यापक आहे: केवळ गाडी हाकणारा नव्हे, तर ती तशी हाकावयास लावणारा आणि हाकू देणारा, हे तिघेही त्याच्या कक्षेत येतात. १ सप्टेंबर २०१९ पासून या कलमाखालील दंड मूळ २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा झाला. म्हणजे सात टन अधिक भरलेल्या गाडीस ३४,००० रुपये. जादा माल उतरविल्याखेरीज गाडी जागची हलू देऊ नये, हीही तरतूद त्याच वेळी स्पष्ट शब्दांत घातली गेली. दंड भरला म्हणजे जादा भार घेऊन पुढे जाण्याचा परवाना मिळाला, असा अर्थ लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन यांच्या खटल्यात २००५ सालीच सांगून ठेवले होते.

इतके सारे कागदावर असताना शिक्षेचा ओघ खाली खाली वाहत जाऊन चालकापाशीच का थांबतो, याचे उत्तर कायद्यापेक्षा अंमलबजावणीच्या पद्धतीत सापडते. मालकाविषयी तसे गृहीत धरण्याचा अधिकार न्यायालयाचा, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत बहुधा जातच नाही. ते रस्त्यावरच तडजोडीच्या रकमेवर मिटते. ही रक्कम गाडीच्या क्रमांकावर पडते आणि मालक ती डिझेल, टायर, टोल यांच्या पंक्तीला खर्चाच्या वहीत मांडून टाकतो, किंवा फार तर तिचा काही भाग चालकाच्या भत्त्यातून कापून घेतो. परवान्याचे तसे नाही. मालवाहू गाडीत मर्यादेबाहेर भार वाहणे हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २१ व्या नियमाने चालकाचा परवाना काढून घेण्याजोगे कृत्य ठरविले आहे, आणि रस्ता सुरक्षेविषयी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ मध्ये राज्यांना बजावले की अशा प्रसंगी परवाना किमान तीन महिने निलंबित व्हावा. हेतू चांगलाच होता. परंतु निलंबित परवान्याचा अर्थ मालकाच्या दृष्टीने दुसरा चालक बसविणे इतकाच होतो. ज्याचा परवाना गेला त्याच्या घरी तीन महिने चूल कशावर पेटावी याची तजवीज कोणत्याच परिपत्रकात नसते.

माल उतरविण्याच्या तरतुदीची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. ११४ वे कलम अधिकाऱ्याला असा लेखी हुकूम देण्याचा अधिकार देते, की चालकाने जादा माल स्वतःच्या जोखमीवर उतरवावा. स्वतःच्या जोखमीवर, म्हणजे त्या चालकाच्या. ज्याने तो माल विकत घेतला नाही, विकला नाही, भरला नाही आणि ज्याच्या किमतीतील छदामही ज्याला मिळणार नाही, त्याने रात्री दोन वाजता महामार्गाच्या कडेला सात टन सिमेंट उतरवावे, त्यासाठी हमाल शोधावेत, ताडपत्री आणावी, राखण करावी आणि एखादे पोते कमी भरले तर त्याचा जाबही द्यावा! असा हुकूम अमलात येणे कठीणच, आणि म्हणून तो सहसा दिला जात नाही. पावती फाटते, गाडी त्याच भारासह पुढे सरकते. एका कलमात मालकाकडे बोट दाखविणारा कायदा पुढच्याच कलमात सारी जोखीम चालकाच्या माथी मारतो, या विसंगतीकडे आमच्या विधिमंडळांतून आणि संसदेतून कोणी गांभीर्याने पाहिल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

बैलाची स्थिती याबाबतीत अधिक बरी आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाने जनावरावर अतिभार लादणे हा अपराध मानला आहे, आणि मालकाने वाजवी काळजी घेतली नसेल तर अपराध त्याचाच समजावा असेही म्हटले आहे. १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या जनावरांकडून दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, सलग पाच तासांनंतर त्यांना विसावा द्यावा, आणि जेथे पारा ३७ अंशांवर जातो तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्यांना जुंपू नये, असे बारकाईने लिहून ठेवले आहे. पाळले किती जाते हा भाग निराळा. परंतु साखर कारखान्याच्या आवारात एका रांगेत उसाची बैलगाडी आणि दुसऱ्या रांगेत उसाचा ट्रक उभा असतो, तेव्हा बैलासाठी मालकाला जाब विचारणारा कायदा अस्तित्वात असतो आणि ट्रकसाठी मात्र प्रत्यक्षात चालकालाच पुढे केले जाते. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली होती खरी, पण पाच वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो सामान्यतः लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारा चालक त्याच्या छायेतही येत नव्हता.

आता रस्त्याचे पाहू. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून ट्रक सतत फिरवून जे प्रयोग झाले, त्यांतून निघालेला निष्कर्ष आजही रस्तेबांधणीचे अभियंते आधाराला घेतात: आसावरील भार वाढला की रस्त्याची झीज साधारणतः त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दीडपट, तर झीज पाचपट. तीन आसांच्या गाडीचे माल धरून एकूण वजन २८.५ टन असावे असा आजचा नियम आहे, ती ३५.५ टन होऊन धावू लागली तर भारातील वाढ पाव हिश्शाइतकी दिसते, परंतु रस्त्याला ती जवळजवळ अडीच गाड्यांइतकी जाणवते. आणि रस्त्याहून माणसाचा जीव अधिक मोलाचा. तामलवाडीच्या पुढे तुळजापूरचा घाट आहे. भरलेली गाडी सोलापूरच्या बाजूला उतरताना ब्रेक तापू लागले की चालकाच्या हाती कौशल्यापेक्षा नशीबच अधिक उरते. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरकडून हजारो भाविक याच रस्त्याने पायी तुळजापूरला जातात, तेव्हा जड वाहतूक अन्य मार्गांनी वळविण्यात येते. वर्षाचे बाकीचे दिवस रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांनी आणि दुचाकीस्वारांनी आपापली काळजी घ्यावी, अशी एकंदर व्यवस्था आहे. नव्या न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात, अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद झाली, त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि ते पोटकलम अमलात आणणे सरकारला तूर्त लांबणीवर टाकावे लागले. त्या संपाची पुष्कळांनी चेष्टा केली. ब्रेक निकामी करणारा भार कोणी चढविला, याचा तपास त्या कलमातही नव्हता, हे फार थोड्यांच्या लक्षात आले.

गाडीमालकाचीही एक कैफियत आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. पुष्कळसे मालक एक-दोन गाड्यांचेच धनी असतात. वित्तसंस्थेचा हप्ता दरमहा ठरल्या तारखेला द्यावाच लागतो, परतीचे भाडे मिळेलच याची शाश्वती नसते, आणि भाड्याचा दर ठरविताना त्याला कोणी विचारीत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसावरील भाराची मर्यादा वाढविली, दोन आसांच्या गाडीचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर आणि तीन आसांच्या गाडीचे २५ वरून २८.५ टनांवर नेले. परंतु तोच माल कमी गाड्यांत बसू लागल्यावर भाड्यासाठी ताटकळणाऱ्या गाड्यांची रांग लांबणार आणि टनामागचा दर दबणार, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. जादा टनाचा मोह मालकाला होतो तो येथे. त्याच्या वर माल पाठविणारा बसलेला असतो, जो दर असा ठरवितो की मर्यादेत भरलेली गाडी तोट्यात जावी, आणि मग गाडी किती भरली याच्याशी आपला काही संबंध नाही असे साळसूदपणे सांगतो.

ऑस्ट्रेलियात ‘जबाबदारीची साखळी’ या नावाने ओळखली जाणारी कायद्याची रीत आहे. १ ऑक्टोबर २०१८ पासून ती अधिक कडक झाली असून माल पाठविणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा आणि गाडी बाळगणारा अशा प्रत्येकावर सुरक्षिततेचे स्वतंत्र कर्तव्य टाकण्यात आले आहे. आपल्याकडे तसे मुळीच काही नाही असे नव्हे. १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने, गाडीत नोंदणीपेक्षा अधिक माल भरला जाऊ नये ही जबाबदारी वाहतूक कंपनीवर टाकलेली आहे. तो कायदा माहीत असलेला एखादा वाहतूक मुनीम मला अद्याप भेटावयाचा आहे.

आणि पुरावा नाही ही सबब तर मुळीच टिकणारी नाही. जेथे माल वजनावर विकला जातो तेथे भरण्याच्या जागी काटा असतोच, आणि काट्याची पावती निघाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही. कारण एका किलोची चूक झाली तरी ती कोणाच्या तरी खिशाला लागते. गाडीचे रिकामे वजन, भरलेले वजन, क्रमांक, तारीख आणि वेळ हे सारे त्या पावतीवर छापलेले असते. साखर कारखान्यांचे उदाहरण तर डोळ्यांत भरण्याजोगे आहे. सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील कारखान्यांच्या काट्यांवर हंगामभर येणाऱ्या प्रत्येक ट्रकचे आणि दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचे वजन कारखाना स्वतः करतो, स्वतःच्या दफ्तरात नोंदवितो आणि त्याच नोंदीवरून वाहतूकदाराला टनामागे भाडे अदा करतो. म्हणजे कोणत्या गाडीने कोणत्या दिवशी मर्यादेबाहेर किती टन आणले याची साद्यंत हकीकत, कारखान्याच्या शिक्क्यानिशी, कारखान्याच्याच कपाटात आहे. आणि त्या जादा टनाचे पैसे पोचते केल्याची नोंदही तेथेच आहे. हे पैसे तरी येतात कोठून? तोडणी आणि वाहतुकीचा खर्च उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून वजा केला जातो, तेव्हा ज्या भाराने शेतकऱ्याच्या गावचा रस्ता खचतो त्याचे भाडेही शेतकऱ्याच्याच पदरून जाते.

म्हणून तामलवाडीच्या टोलनाक्यावर चालकाशी हुज्जत घालण्यापूर्वी परिवहन खात्याने पुढील हंगामात एक साधी गोष्ट करून पाहावी. साखर आयुक्तालयाच्या मदतीने कारखान्यांच्या काटा-नोंदी मागवाव्यात, त्या गाड्यांच्या नोंदणीकृत वजनाशी ताडून पाहाव्यात, आणि जेथे तफावत दिसेल तेथे ‘हाकावयास लावणारा’ कोण हे १९४ व्या कलमाच्या शब्दांत विचारावे. सिमेंट, खडी यांच्या बाबतीत ई-वे बिल आणि बिल्टी हे कागद तेच काम करू शकतात. त्याहून परिणामकारक उपाय हवा असेल तर नोंदणीकृत मर्यादेपलीकडील वजनाचे भाडे कोणत्याही कारखान्याने देऊ नये, असा नियमच सरकारने करावा. जादा टन फुकट वाहावा लागणार असेल तर चालकाला रात्री फोन करून ‘भर’ म्हणणारा शेठ आपोआप दहा वेळा विचार करील. ऊस शेतात वाळून जाईल, गाड्या कमी पडतील, गाळप मंदावेल, अशी ओरड कारखानदार करतील हे उघड आहे, आणि तिच्यात तथ्यांशही आहे; परंतु गाड्या कमी पडत असतील तर त्या वाढविण्याचा खर्च ज्यांनी करावयाचा त्यांनी तो आजवर चालकाच्या परवान्यातून आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्यांतून भागविला आहे. एक सावधगिरी मात्र हा नियम करताना अवश्य बाळगावी: जादा वजनाचे भाडे रोखावे, त्या उसाची किंमत रोखू नये. नाहीतर वाहतूकदारावर उगारलेला दंडुका नेहमीप्रमाणे शेतकऱ्याच्या पाठीवर पडावयाचा.