आकाशांतील चिन्हें

आकाशांत कांहीं अपूर्व दिसलें कीं, ‘हें कशाचें चिन्ह?’ असा प्रश्न घरोघर निघतो. ह्या प्रश्नाच्या उत्तरापायीं अमेरिकेंत काय घडलें, तें वाचकांनीं ध्यानीं घेण्यासारखें आहे.

ता. १३ नोव्हेंबर १८३३ रोजीं पहाटे तेथें उल्कांची प्रचंड वृष्टि झाली. सूर्य काळवंडेल, चंद्र रक्तवर्ण होईल व तारे गळतील, अशीं अंतकाळचीं चिन्हें बायबलाच्या ‘प्रकटीकरण’ ग्रंथांत सांगितलीं आहेत. न्यू इंग्लंडांत ता. १९ मे १७८० रोजीं भर दुपारीं अंधार पडला होता व रात्रीं चंद्रही तांबडा दिसला होता. आतां तारेही गळाले, मग उरलें काय, असें भाविकांस वाटलें.

विल्यम मिलर हा शेतकरी उपदेशक. दानीएलाच्या ग्रंथांतील २३०० दिवस म्हणजे तितकीं वर्षें, असें धरून त्यानें ख्रिस्ताचें पुनरागमन १८४३ च्या सुमारास होईल असें वर्तविलें. पुढें अनुयायांनीं ता. २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमला. कित्येकांनीं शेतांतील पीकही काढलें नाहीं. दिवस उगवला तसाच मावळला. रात्रभर वाट पाहणारे पहाटे रडत बसले.

त्यांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. धूमकेतूचें भय आमच्याही घरांतून होतेंच. परंतु त्या उल्का सिंह राशीकडून येतात, हें ऑल्मस्टेड ह्या अध्यापकानें पत्रें जमवून दाखविलें. एका धूमकेतूच्या धुळीमुळें सुमारें ३३ वर्षांनीं तशी वृष्टि होऊं शकते, हेंही पुढें कळलें. १८६६ सालीं ती पुन्हां झाली. १७८० चा अंधार मुख्यतः वणव्यांच्या धुराचा होता. तरीही २०१४-१५ सालच्या चार खग्रास चंद्रग्रहणांवर तेथें पुन्हां तशींच प्रवचनें झालीं. ग्रहणें गणिताप्रमाणें लागलीं व सुटलीं.

१७८० च्या त्या अंधारांत कनेक्टिकटची विधिसभा भरली होती. सभा तहकूब करावी, असें कित्येकांस वाटलें. सभासद डेव्हनपोर्ट ह्यांनीं सांगितलें, त्याचा आशय असा : न्यायाचा दिवस आला नसेल तर उठण्याचें कारण नाहीं, आला असेल तर आपण कर्तव्य करीत असतांना आढळावें, मेणबत्त्या आणा.

डेव्हनपोर्ट स्वतः श्रद्धावान होते, हें विसरूं नये. श्रद्धेनें हातचें काम सुटूं नये, इतकेंच आमचें म्हणणें. मुलांनीं चिन्हाचा अर्थ विचारला, तर आधीं त्यांस गच्चीवर नेऊन तें नीट दाखवावें. आणि सकाळीं नित्याप्रमाणें शाळेंत पाठवावें.