इंग्रजी पक्की, पासपोर्ट कच्चा

परदेशात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या गोमंतकीय पदवीधराने आपले उच्चार नव्हे, आधी पासपोर्ट तपासावा. दक्षिण कोरियाचेच पाहा. तेथील ‘हागवॉन’ या खासगी शिकवणी संस्थांत इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. पदवी कोणत्याही विषयाची चालते. आपल्याकडे अनेकांनी मिळवलेला पोर्तुगीज पासपोर्टही येथे निरुपयोगी. पोर्तुगाल त्या यादीत नाही.

भारतीयांना एक वाट आहे, पण अरुंद. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया सर्वंकष आर्थिक भागीदारी करारानुसार त्यांना शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होता येते. मात्र पदवीसोबत अध्यापनाची अर्हता हवी. म्हणजे बी.एड. झालेल्या म्हापशाच्या शिक्षिकेला किलकिले असलेले दार वाणिज्य शाखेच्या कॅनडियन पदवीधराला सताड उघडे. ही भाषेची कसोटी नव्हे, नागरिकत्वाची आहे.

‘हमखास नोकरी’साठी पैसे मागणाऱ्या एजंटाला व्हिसा कोणता आणि संस्था शाळा की हागवॉन, एवढे तरी विचारावे. कराराच्या फेररचनेची बोलणी २०१६ पासून रेंगाळली आहेत. जकातीच्या आकड्यांबरोबर दिल्लीने हा भेदही तेथे मांडायला हवा.