जन्मतारीख आणि गुणवत्ता

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारखेचा एक रकाना असतो. प्रवेशाच्या दिवशी तो भरला की पुढे नोकरीचा अर्ज करीपर्यंत त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. वस्तुतः एखादे मूल वर्गात ‘हुशार’ ठरणार की ‘मध्यम’, याचा काही अंशी निर्णय त्या रकान्यातच होऊन गेलेला असतो. हे विधान ज्योतिषाचे नव्हे; जन्मवेळेवरून भविष्य सांगणाऱ्यांचा आणि आपला मार्ग केव्हाच वेगळा झाला आहे. येथे ग्रहांचा काही संबंध नाही. संबंध आहे तो शासनाने प्रवेशासाठी ठरविलेल्या तारखेचा.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास इंग्लंडमध्ये झाला आहे. तेथे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुले एका वर्गात येतात. साहजिकच सप्टेंबरातले मूल वर्गात सर्वांत मोठे आणि ऑगस्टातले सर्वांत लहान. पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने अकरा महिने म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा होय. लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ या संस्थेने २००७ आणि २०१३ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केले. प्राथमिक वर्गात दिसणारी तफावत वयाबरोबर कमी होत जाते, परंतु ती सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतही शिल्लक असते. शाळा संपताच विद्यापीठात जाणाऱ्यांत ऑगस्टातल्या मुलांचे प्रमाण सप्टेंबरातल्या मुलांपेक्षा शंभरामागे सुमारे दोनने कमी भरते. दोन हा आकडा किरकोळ वाटेल. पण प्रत्येक वर्षी लाखो मुलांच्या पिढीला तो लावून पाहावा.

अभ्यासकांनी याचे मुख्य कारणही शोधले आहे. ऑगस्टातल्या मुलांची बुद्धी कमी नसते, शिक्षकही त्यांना कमी शिकवीत नाहीत. सर्वांची परीक्षा एकाच दिवशी होते, आणि त्या दिवशी ही मुले वयाने लहान असतात, एवढेच! केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई या दोघींनी २००६ मध्ये अनेक देशांतील गणित-विज्ञान चाचण्यांचे निकाल तपासले. चौथीच्या वर्गात सर्वांत लहान मुले सर्वांत मोठ्या मुलांच्या ४ ते १२ शततमकांनी मागे होती. आठवीत हे अंतर २ ते ९ इतके उरले. अमेरिका आणि कॅनडा येथील आकडेवारीत विद्यापीठाच्या उंबरठ्यावरही ते दिसले.

आता विद्यापीठाच्या आत काय घडते ते पाहा. मिलान येथील बोकोनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासात वयाने लहान असलेले विद्यार्थीच मोठ्यांहून सरस आढळले. याची कारणे एकाहून अधिक असू शकतील. लहान विद्यार्थी इतर गोष्टींपेक्षा अभ्यासाला जास्त वेळ देतात, असेही एक स्पष्टीकरण पुढे आले आहे. माझ्या मते मात्र चाळणीचा विचार प्रथम व्हायला हवा. वर्गात सदैव धाकटे राहून, मोठ्यांबरोबर तुलना सोसून जे इथवर पोहोचले, ते त्याच गुणांच्या मोठ्या विद्यार्थ्यापेक्षा मुळातच कणखर असणार. अडथळ्यासह मिळविलेले साठ गुण आणि अडथळ्याविना मिळविलेले साठ गुण हे एकच नव्हेत. ‘गुणवत्ता’ या शब्दाचा आपल्या समाजाला किती जाच झाला आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगणे नको. जन्माच्या महिन्यासारखी क्षुल्लक बाबसुद्धा गुणपत्रिकेत उतरत असेल, तर जन्माचे घर, गाव आणि घरातली पहिली पाटी-पेन्सिल कोणाच्या हाती आली या बाबी त्यात उतरत नाहीत, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपल्याकडे हा अभ्यास जुन्या दप्तरांवरून करू म्हटले, तर इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक मौजेची अडचण उभी राहते. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्येष्ठांनी आपापला दाखला काढून पाहावा. त्यांतील कितीतरी जणांचा जन्म १ जूनचा निघेल! आईला साल आठवे ते पुराच्या नाहीतर दुष्काळाच्या खुणेने. तारीख कोण सांगणार? मग गुरुजी डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावीत. हात पोहोचला की मूल शाळेच्या वयाचे, आणि जन्म १ जूनचा. अस्सल कागदातली खोटी नोंद कशी ओळखावी, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. त्या पद्धतीत एक शहाणपणही होते, हे मात्र मान्य करावे लागेल. ती तारीख पाहत नव्हती, मूल पाहत होती.

आज तसे राहिलेले नाही. जन्मनोंदणीच्या कायद्यातील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्म प्रमाणपत्र हाच तारखेचा पुरावा ठरला आहे. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणे पुरेसे धरले जाते. म्हणजे जून महिन्यात एकाच बाकावर बसलेल्यांपैकी एक साडेसहा वर्षांच्या घरातला, तर दुसरा साडेपाचचा असू शकतो.

यावर काही पालक मुलाला वर्षभर घरी ठेवण्याचा विचार करतात. मला तो उपाय पटत नाही. ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्याचे वर्ष वाया जात नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाचे वर्ष फडात जाते, आणि कधी कधी ते मूल परत येतच नाही. सीमारेषेची तारीख बदलूनही काही साधत नाही, कारण मग दुसरे कोणीतरी सर्वांत लहान ठरते. बदलायची ती मोजपट्टी. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी होणाऱ्या निवड परीक्षेत अनेक ठिकाणी मुलाचे वय महिन्यांत मोजून गुण त्यानुसार जुळवून घेतले जातात. दहावीच्या मंडळाकडून तशी अपेक्षा आज कोणी करणार नाही. परंतु निवासी शाळेची प्रवेश परीक्षा, तुकड्यांची विभागणी आणि शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी होणारी निवड हे तिन्ही निर्णय शाळेच्याच हाती असतात. तिसऱ्या निर्णयाबाबत मी अधिक आग्रही आहे. पाचवीत जादा तासाला ज्यांना बसवितो तेच आठवीत हुशार ठरतात, आणि आपली निवड अचूक होती असे आपण समजतो.

व्यवस्थापन समितीपुढे माझी सूचना लहानशी आहे. येत्या जूनपासून प्रवेशाच्या यादीत गुणांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा, परीक्षेच्या दिवशीचे वय, महिन्यांत. काठावर राहिलेल्या मुलांची नावे खोडण्यापूर्वी तो रकाना एकदा वाचला जावा. जन्मतारीख अर्जात आपण घेतोच. वजाबाकी तेवढी करायची आहे.