मालगाडी घसरली, तर रुळांकडे धावू नका!
रेल्वेप्रेमी, वन्यजीव छायाचित्रकार आणि रुळांलगतच्या गावकऱ्यांना मोहर्लीहून तातडीचं आवाहन



मोहर्लीतून रेल्वे जात नाही. तरी हे आवाहन इथून निघतंय, कारण ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या या दारातून कॅमेरेवाले सतत ये-जा करतात आणि त्यांतले काही वाघाइतकेच गाड्यांचेही वेडे असतात. सकाळची सफारी आटोपली की कुणी बल्लारशाच्या मुख्य मार्गावर कोळशाच्या मालगाडीला कोणत्या लोको शेडचं इंजिन लागलंय ते पाहायला जातं, तर कुणी चांदा फोर्ट–मूल–नागभीड मार्गावर जंगलातून येणारी मालगाडी टिपायला. आम्हीही त्याच जातकुळीचे. म्हणून हे बोलणं परक्याचं समजू नका.

मालगाड्या घसरण्याची ही काही उदाहरणं: २३ ऑक्टोबर २०२२च्या रात्री वर्धा–बडनेरा मार्गावर मालखेड आणि टिमटाळा यांच्या दरम्यान कोळशाच्या मालगाडीचे २० डबे घसरले. २८ मे २०२४ला पालघर स्थानकात मालगाडी घसरली आणि पोलादाच्या अवाढव्य कॉइल रुळांवर आल्या. १२ नोव्हेंबर २०२४च्या रात्री तेलंगणात राघवापुरम–रामगुंडम दरम्यान लोखंडी माल नेणाऱ्या गाडीचे ११ डबे घसरले आणि दिल्ली–चेन्नई मार्ग ठप्प झाला. हाच मार्ग आपल्या चंद्रपूर-बल्लारशातून जातो.

अशी खबर मोबाइलवर आली की आपल्या मंडळींत काय सुरू होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वॅगन कोणती होती? इंजिन कुठल्या शेडचं? कोणत्या गाड्या कुठून वळवल्या? आपल्या मार्गावर ऑफलिंक, म्हणजे एरवी न लागणारं, इंजिन येणार का? इथवर काहीच हरकत नाही. हे कुतूहल आहे म्हणूनच आपण रेल्वेप्रेमी. पण त्यापाठोपाठ कुणीतरी म्हणतं, “चल, जाऊन बघू.” तिथेच स्वतःला आवरायचं आहे. विशेषतः जंगलातल्या मार्गावर.

पहिलं कारण जिवाचं. घसरलेल्या डब्यांनी खांब पाडला असेल, तर २५,००० व्होल्टची तार कुठे लोंबते आहे हे अंधारात दिसत नाही. वीज बंद केल्याची खात्री रेल्वेच्या माणसाशिवाय कुणीही देऊ शकत नाही. भरलेली कोळशाची वॅगन ८० टनांहून जड असते. ती कलंडून थांबली म्हणजे स्थिर झाली असं नव्हे. शेजारचा रूळ मोकळा असेल, तर त्यावरून गाडी येऊ शकते. ती थांबवण्यासाठी कर्मचारी ६०० आणि १,२०० मीटरवर रुळाला इशाऱ्याचे फटाके लावायला धावतात, इंजिनावरचा पिवळा दिवा लुकलुकत ठेवतात. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या वाटेत मोबाइल धरलेली माणसं उभी राहिली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण तपासाचं, आणि ते रेल्वेप्रेमींना लवकर पटावं. गाडी का घसरली याचं उत्तर बहुतेकदा जमिनीवरच असतं. रुळाच्या माथ्यावर चाक चढल्याची बोटभर रुंद तिरकी खूण, पुढे ते खाली उतरलं तिथे स्लीपरचा उडालेला टवका, खडीत पडलेली तुटकी चावी. चावीवाला रोज ठोकून पाहतो तीच ही, रूळ धरून ठेवणारी लोखंडी क्लिप. क्रेन हात लावण्याआधी अधिकारी या खुणांची मापं घेतात. आठवण म्हणून चावी खिशात टाकणारा आणि खुणेवर बूट घासत फोटो काढणारा, दोघेही पुरावा पुसतात. मग रूळ दोषी, चाक दोषी की चालक, हा वाद कागदावरच राहतो आणि बोट भलत्याच्याच दिशेनं जाऊ शकतं.

तिसरं कारण आपल्या भागाचं. १५ नोव्हेंबर २०१८ला जुनोना-चिचपल्लीच्या जंगलात याच चांदा फोर्ट–नागभीड–गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले. हा मार्ग वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा कापत जातो. तिथे रात्री गाडी अडकली, माणसं टॉर्च घेऊन झुडपांत शिरली, तर जनावराला पलीकडे जाता येत नाही आणि माणसाला शेजारी कोण दबून बसलंय ते कळत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसं मरतात. त्यांत बघ्यांची भर नको.

माल सांडण्याचाही विचार करा. कोळसा जनावर खात नाही, पण आपला पूर्व भाग धानाचा, मूल गाव राइस मिलांचं. उद्या तांदळाच्या वॅगनी फुटल्या तर चितळं आणि रानडुकरं रुळांवर येतील आणि त्यांच्या मागे शिकारी जनावरं. अमेरिकेत मोंटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला मारियास खिंडीजवळ १९८०च्या दशकाअखेरीस मालगाड्या घसरून मका सांडला. तो खायला ग्रिझली अस्वलं येऊ लागली आणि त्यांतली काही गाड्यांखाली मेली. अपघात होऊन गेल्यावरही सांडलेलं धान्य बळी घेत राहिलं.

हे सगळं आजच सांगण्याचं कारण असं की गोंदिया–बल्लारशा या २४० किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२५मध्ये मंजुरी दिली आहे. रूळ वाढले की मालगाड्याही वाढतील. पुढची गाडी कुठे आणि केव्हा घसरेल ते कुणालाच माहीत नाही. घसरल्यावर आवाहन वाचायला कुणी थांबत नाही.

म्हणून हात जोडून विनंती:

१. घसरलेल्या गाडीकडे जाऊ नका. तिथे आधीच असाल, तर रुळांपासून लांब, रस्त्यावर किंवा फाटकाबाहेर उभे राहा. रुळांच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे अधिनियम, १९८९च्या कलम १४७नुसार गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

२. रेल्वेचं कुणी पोहोचण्याआधी अपघात दिसला, तर १३९ला फोन करा आणि जवळच्या फाटकवाल्याला किंवा स्टेशन मास्तरला कळवा. विजेच्या खांबावरचा क्रमांक दुरून वाचता आला तर तो सांगा. त्यात किलोमीटर आणि खांबाचा अनुक्रम असतो. “मूलच्या पुढे जंगलात” यापेक्षा तो क्रमांक मदत लवकर पोहोचवतो.

३. रुळांजवळ वन्यप्राणी दिसला, जखमी असला किंवा धान्य सांडलेलं असलं, तर वनविभागाला १९२६वर कळवा. जखमी जनावराच्या जवळ जाऊ नका. माणूस जखमी असेल तर ११२.

४. ड्रोन उडवू नका. वर तारा आहेत, खाली क्रेन चालू असते आणि काम करणाऱ्यांचं लक्ष विचलित होतं.

५. गावकऱ्यांनो, सांडलेला कोळसा उचलायला पोरांना पाठवू नका. कलंडलेल्या वॅगनीतून ढीग केव्हा ओघळेल याचा नेम नसतो, आणि तो माल नेल्यास १९६६च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.

६. जुने फोटो आजचे म्हणून फिरवू नका. चौकशीआधी “घातपात” किंवा “चालकाची चूक” असा निकाल देऊ नका. चालकालाही घर आहे, आणि त्याच्या घरीही मोबाइल आहे.

७. अपघाताआधीचा एखादा फोटो वा व्हिडिओ तुमच्याकडे असेल, जाणाऱ्या गाडीचं चाक ठिणग्या उडवतंय किंवा डबा झुकलाय असं काही त्यात दिसत असेल, तर तो आधी रेल्वेला द्या. आपल्या छंदाचा खरा उपयोग इथे आहे.

सफारी गाइड, जिप्सीचालक आणि रिसॉर्टवाल्यांना वेगळी विनंती: पाहुण्यानं “गाडी घसरली म्हणे, दाखवता का?” असं विचारलं, तर जादा पैशांसाठीही हो म्हणू नका.

हा मजकूर आपापल्या गटांत पाठवा, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि १३९, १९२६, ११२ हे तीन क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये साठवा.

आपले,
मोहर्ली परिसरातले काही रेल्वेप्रेमी