ओळखी दप्तरी दाखल करा

जुलै उजाडला की समाजकार्य महाविद्यालयांत क्षेत्रकार्याच्या वाटपाची धांदल सुरू होते. कोणता विद्यार्थी कोणत्या संस्थेत, कोणत्या वारी, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, याचे तक्ते भिंतीवर लागतात. अलीकडे या धांदलीत कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांचीही भर पडली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक दिले. ज्या विभागांचा स्वयंसेवी संस्थांशी कधी संबंध आला नव्हता, त्यांनाही मग संस्थांचे फोन नंबर हवेसे झाले. त्यावर वरिष्ठांची एक पुस्ती असतेच : जरा ‘इंटरनॅशनल’ संस्था बघा, नॅकच्या अहवालात बरे दिसते.

मागणी गैर नाही. मुलांना जगाचे वारे लागलेच पाहिजे. पण जागतिक म्हटले की आपल्याला जिनिव्हा, न्यूयॉर्क, निदान दिल्लीतले एखादे काचेचे कार्यालय दिसते आणि तिथे आपली ओळख नाही म्हणून आपण हात टेकतो. जगाने ज्यांच्याकडून धडे घेतले अशा संस्था एसटीच्या अंतरावर आहेत, हे वाटपाच्या तक्त्यात क्वचितच दिसते.

मुंबईतला नागपाडा घ्या. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात तिथल्या श्रमिक वस्तीत नागपाडा नेबरहूड हाउस काढले. अशा कामाला शिकलेली माणसे लागतात, या जाणिवेतून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच आणि तिचे पहिले संचालक मॅनशार्टच. पुढे याच नेबरहूड हाउसमध्ये काम केलेल्या शीला पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये ‘स्पार्क’ स्थापन केली. भायखळ्याच्या महापालिका दवाखान्यामागे एका गॅरेजात तिचा कारभार सुरू झाला. १९८५ मध्ये फुटपाथवरच्या लोकांना सोबत घेऊन त्यांचीच शिरगणती झाली. जॉकिन अर्पुथम यांचे झोपडीवासीयांचे संघटन आणि बायकांचे ‘महिला मिलन’ या कामाला जोडले गेले. १९९१ पासून दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांशी जाणे-येणे सुरू झाले आणि १९९६ मध्ये ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’ हे अनेक देशांतल्या झोपडीवासीयांचे जाळे उभे राहिले. बचत कशी गोळा करायची, घरे कशी मोजायची, अधिकाऱ्यासमोर कागद कसा ठेवायचा, हे भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी आफ्रिकेतल्या बायकांना दाखवले. एका वस्तीतल्या कामाच्या जागेवरून निघालेला धागा माणसामाणसांच्या ओळखींतून असा जगभर गेला.

जामखेडची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे, पण वाटप करताना ती आठवत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आले. १९७८ मध्ये अल्माआटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथल्या प्रशिक्षण केंद्रात परदेशी डॉक्टर आणि विद्यार्थी येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्य कार्यकर्त्या असतात. यांतल्या कित्येकींनी शाळेची पायरीही चढलेली नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धत बसवली, तिचा अभ्यास १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. ही ठिकाणे आपल्या विद्यार्थ्यांना एका दिवसाची सहल म्हणून दाखवली जातात. बस येते, माहितीपट पाहून होतो, गटाचा फोटो निघतो आणि बस परत जाते. तिथे कोणाशी ओळख झाली, असे विचारले तर बसमधल्या पन्नास जणांपैकी कोणालाही एक नाव सांगता येत नाही.

ओळख कामातून होते, हे मुलांना वाचता येते का ते तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत उत्तम दिसते. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ मध्ये ही पाहणी सुरू झाली. जिल्ह्यातल्या स्थानिक संस्था आणि महाविद्यालये स्वयंसेवक देतात. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे, प्रत्येक गावात २० घरे. दोन विद्यार्थ्यांची जोडी गावात जाते, शाळेला भेट देते, गाव पायी फिरून कागदावर नकाशा काढते, त्याचे चार भाग पाडते आणि प्रत्येक भागात दर पाचवे घर घेते. अंगणात बसून मुलाच्या हातात एक कागद द्यायचा : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल अडखळले तर सुचवायचे नाही, आई मागून पुटपुटली तर तिला हसून थांबवायचे. आपल्या बीएच्या मुलीला त्या दोन दिवसांत नमुना निवड म्हणजे काय ते जे कळते, ते वर्षभराच्या तासांत कळत नाही. आणि तिने वापरलेला तो साधा कागद पुढे कुठे जातो? पाकिस्तान, केनिया, टांझानिया, युगांडा, माली, सेनेगल, मेक्सिको. तिथल्या संस्थांनी हीच रीत आपापल्या भाषांत नेली आणि त्यांचे ‘पाल नेटवर्क’ झाले. आपली मुलगी या जाळ्याच्या एका टोकाला बसलेली असते. हे तिला सांगणारे मात्र कोणी नसते. तिला प्रमाणपत्र मिळते आणि विषय संपतो.

इथे आपले काम सुरू होते. दूरच्या ओळखींचे मोल काय, यावर मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्याने विचारले की ज्याने कळवले त्याची-तुमची गाठ किती वेळा पडते? ‘वरचेवर’ असे म्हणणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना संधी कळली ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण उघड आहे. घरच्यांना आणि जिवलगांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवरचा अभ्यास आला, त्यातही फार जवळच्या नव्हे आणि अगदी तोंडओळखीच्याही नव्हे, अशा मधल्या ओळखी अधिक कामी आल्याचे दिसले.

हे आपल्या वर्गाला लावून पाहा. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाकडे जवळच्या नात्यांची ददात नसते. भावकी असते, मामाचे गाव असते, वसतिगृहातले मित्र असतात. नसते ती दूरची ओळख : संस्थेतली ताई, संशोधन करणारा माजी विद्यार्थी, एखाद्या परदेशी विद्यापीठातून आलेली अभ्यासक. शहरातल्या सुस्थित घरातल्या मुलाला ही ओळख वडिलांच्या मित्रमंडळींत आपोआप मिळते. बाकीच्यांना ती क्षेत्रकार्य पर्यवेक्षकाकडून मिळाली तर मिळते.

आणि पर्यवेक्षकाकडे ती कुठे असते? बहुधा त्याच्या मोबाइलमध्ये. प्रत्येक विभागात असे एक सर किंवा मॅडम असतात, ज्यांना सगळ्या संस्था ओळखतात. त्यांच्या एका फोनवर चार मुले मेळघाटात रुजू होतात. ते निवृत्त झाले की त्या ओळखीही त्यांच्याबरोबर घरी जातात आणि नव्या सहायक प्राध्यापकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिवाय त्या फोनचा लाभ कोणाला मिळतो, तर जो विद्यार्थी सरांच्या डोळ्यांपुढे असतो त्याला. मागच्या बाकावरची अबोल मुलगी त्या यादीत येत नाही. ओळख ही एकट्याची जहागीर झाली की तिचे वाटपही मर्जीने होते. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की या ओळखी विभागाच्या दप्तरी दाखल झाल्या पाहिजेत.

दप्तर म्हणजे पत्त्यांची यादी नव्हे. कोणत्या वर्षी कोण गेले, काय काम केले, ते पूर्ण झाले का, संस्थेतल्या कोणी देखरेख केली, पुढच्या वर्षी त्यांना काय हवे आहे, ही नोंद त्यात हवी. माजी विद्यार्थी आज कुठे आहेत आणि वर्षातून किती वेळ देऊ शकतात, हेही हवे. अशी दहा वर्षांची नोंद असलेला विभाग संस्थेशी बोलतो तेव्हा तो याचक राहत नाही.

आता संस्थेच्या बाजूने पाहू. एखाद्या नावाजलेल्या संस्थेची मे महिन्यातली मेलपेटी डोळ्यांपुढे आणा. चाळीस पत्रे, चाळीसही एकाच साच्यातली. आदरणीय महोदय, मला समाजसेवेची तीव्र आवड आहे, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी ऋणी राहीन. बहुतेक पत्रांत संस्थेचे नाव बदलले आहे, एकात तेही बदलायचे राहून गेले आहे. संस्थेला यातून काहीच कळत नाही. त्याच पेटीत पाच ओळींचे एक पत्र असते : मी गोंडी बोलते, एक्सेलमध्ये तक्ते करते, तुमचा मागच्या वर्षीचा अहवाल वाचला, त्यातल्या पोषणाच्या नोंदी गावनिहाय लावायला मी मदत करू शकेन, १५ मे ते ३० जून मोकळी आहे, राहण्याची सोय लागेल. या मुलीला फोन जातो. असे पत्र लिहायला शिकवणे हा तासाभराचा पाठ आहे, तो अभ्यासक्रमात कुठेही नाही आणि तो घेतल्यावाचून ‘नेटवर्किंग’वरची व्याख्याने वाऱ्यावर जातात.

संस्थेची दुसरी अडचण वेळेची. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. दोन श्रेयांकांचे ६० तास. साठ तासांत नवखा विद्यार्थी गाव ओळखतो न ओळखतो तोच त्याची मुदत संपते. त्याला शिकवण्यात कार्यकर्त्याचे जे दिवस गेले ते परत मिळत नाहीत. यावर तोडगा एकच दिसतो : काम विद्यार्थ्याला न देता विभागाला द्यावे. एखाद्या तालुक्यातल्या पाणवठ्यांची नोंद विभागाने पाच वर्षांसाठी अंगावर घ्यावी, दर वर्षीच्या तुकडीने मागच्या तुकडीकडून वह्या ताब्यात घ्याव्यात. साठ-साठ तासांची अशी बेरीज झाली तर संस्थेच्या हाती काही पडते आणि ती आपल्या देशाबाहेरच्या सहकाऱ्यांशी या विभागाची गाठ आनंदाने घालून देते.

परदेशातून इकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दलही सावध असावे. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये अमेरिकन स्वयंसेवक विद्यार्थ्यांपुढेच उभे राहून त्यांच्या सदिच्छांवर कोरडे ओढले होते. भाषा येत नसताना, कोणी बोलावले नसताना दुसऱ्यांच्या दारात मदतीला जाणे हा आपल्याच मनाचे समाधान करण्याचा प्रकार आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हा आरोप पुण्याहून नंदुरबारच्या पाड्यावर आठ दिवसांसाठी जाणाऱ्या आपल्या मुलांनाही लागू पडतो. परदेशी विद्यार्थी येणार असेल तर त्याची जोडी स्थानिक विद्यार्थ्याशी लावा आणि स्थानिक विद्यार्थ्याला दुभाषा म्हणून राबवू नका. अहवालावर दोघांची नावे हवीत.

शेवटचा आणि सर्वांत नाजूक मुद्दा पैशाचा. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत बिनपगारी इंटर्नशिप करणारा न्यूझीलंडचा एक तरुण जिनिव्हात तंबूत राहत असल्याचे उघड झाले आणि जगभर गाजले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून इंटर्नना भत्ता सुरू केला, पण फुकट राबण्याची ऐपत असलेल्यालाच संधी, हा नियम अजून बऱ्याच ठिकाणी चालतो. आपल्याकडे त्याचे रूप साधे आहे : एसटीचे भाडे आणि महिन्याची खानावळ. ते परवडत नाही म्हणून मुलगा गावातल्या बालवाडीत क्षेत्रकार्य उरकतो. हा खर्च संस्थेवर ढकलता येणार नाही. विदेशी योगदान नियमन कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीनंतर संस्थांना परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. त्यांचे हात आधीच आखडलेले आहेत. महाविद्यालयाने माजी विद्यार्थ्यांकडून छोटा प्रवासनिधी उभारावा. एक बारकावा ध्यानात असू द्या. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी योगदान धरली जात नाही. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्याची धरली जाते. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या माजी विद्यार्थ्याला पत्र लिहिण्यापूर्वी हे विचारून घ्या.

यंदाच्या वाटपाचे तक्ते लागण्यापूर्वी प्रत्येक विभागाने एक बैठक घ्यावी. ज्या सहकाऱ्यांच्या मोबाइलमध्ये संस्था आहेत त्यांनी त्या कागदावर उतरवाव्यात. वर्गातल्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरून कोणाचीही ओळख नाही, त्यांची नावे त्या कागदाच्या पहिल्या रांगेत घालावीत. जामखेड, भायखळा, गडचिरोली येथली पहिली जागा त्यांना द्यावी आणि प्रवासनिधीतले पहिले तिकीटही त्यांचेच काढावे. ज्यांच्या घरी ओळखी आहेत त्यांना त्या आहेतच. आपली नेमणूक उरलेल्यांसाठी आहे.