पूल हलतो तेव्हां

गेल्या आठवड्यांत संध्याकाळच्या फेरीला आम्ही पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसलों होतों. संगतीला धाकटा नातू होता. समोर शिवाजी पुलाच्या दगडी कमानी, आणि त्यांच्या शेजारच्या नव्या पुलावरून रत्नागिरीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. बराच वेळ टक लावून पाहिल्यावर नातवानें विचारलें, "आजोबा, एवढा मोठा ट्रक वरून गेला म्हणजे पूल हलतो का हो?" आम्हीं तीस-पस्तीस वर्षें शिक्षकी केलेली, उत्तर ओठांवर तयारच असतें. "हलेल तो पूल कसला, बाळ?" असें ठासून सांगून आम्हीं विषय संपविला.

घरीं आल्यावर हा संवाद आमच्या पुतण्याच्या कानीं गेला. तो स्थापत्याचा इंजिनियर. तो हंसून म्हणाला, "काका, न हलणारा पूल जगांत नाहीं. किती हलतो, आणि हलल्यावर पुन्हा थांबतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न." आम्ही ओशाळलों. मग चार रात्री त्याच्यापाशीं बसून जें समजून घेतलें, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या चुकीचें मूळ कदाचित् आमच्या व्याकरणांत असेल. ‘बांधणें’ या अर्थाच्या धातूपासून ‘सेतु’ शब्द झाला; म्हणून पूल हाहि सेतु आणि बांध हाहि सेतु. बांधलेली वस्तु ती स्थिर, असें मनानें परस्पर ठरवून टाकलें. पण माजघरांतला झोपाळाहि बांधलेलाच असतो ना? त्याला एकदां ढकलून सोडला कीं तो आपल्याच लयीनें झुलतो. ती लय सांभाळून लहान मुलानें पायानें नुसता रेटा दिला तरी झोंका वाढत जातो. यालाच शाळेच्या पुस्तकांत अनुस्पंदन म्हणतात. रेटा थांबला म्हणजे कड्यांचें घर्षण आणि हवेचा अडथळा मिळून झोंका विरून जातो. प्रत्येक पुलाचें असेंच आहे. त्याची स्वतःची लय असते, बाहेरून येणारे रेटे असतात, आणि मिळालेली गति पचवून टाकण्याची त्याची शक्ति असते. पचनापेक्षां भर जास्त होऊं लागली कीं संकट उभें राहतें.

1831 सालीं इंग्लंडांत ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी पावलें जुळवून चालली असतां पूल कोसळला. प्राणहानि झाली नाहीं. पण तेव्हांपासून सैन्यानें पुलावर पाऊल मोडून चालावें असा दंडक पडला. 1850 सालीं फ्रान्समधील आंजे शहरीं मात्र दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. तेथें पाऊल मोडण्याचा हुकूम दिलेला होता. परंतु वादळी वाऱ्यानें पूल डोलत होता, आणि तोल सांवरण्यासाठीं जो तो त्या डोलाप्रमाणें पाऊल टाकूं लागला. हुकुमानें मोडलेलीं पावलें अशीं नकळत पुन्हा जुळलीं असावींत. पूल धरून ठेवणाऱ्या तारा आंतून गंजलेल्या होत्या. त्यांनीं दगा दिला.

या गोष्टीला दीडशें वर्षें झालीं आणि लंडनकरांना तोच धडा नव्यानें मिळाला. 10 जून 2000 रोजीं टेम्स नदीवर पादचाऱ्यांसाठीं नवा पूल खुला झाला, आणि पहिल्याच दिवशीं तो आडवा डोलूं लागला. तेथें ना सैनिक, ना वादळ, ना गंजलेली तार. चालतांना आपण प्रत्येक पावलास किंचित् डावी-उजवीकडे रेटा देत असतों. पूल थोडा हलला, तोल राखण्यासाठीं लोकांनीं त्याच्याच लयींत पाऊल टाकलें, म्हणून तो अधिक हलला. तो अधिक हलला म्हणून आणखी लोकांचीं पावलें जुळलीं. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. गति शोषून घेणारीं साधनें बसविल्यावर 2002 सालीं तो पुन्हा उघडला, आणि मग गर्दीनेंहि डोलेनासा झाला. भार पेलण्यांत तो कधींच कमी पडला नव्हता. हालचाल पचविण्यांत तेवढा कमी पडला होता.

येथें आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही संस्कृत शिकविणारे. पण विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले कीं त्यांचा तास आमच्या गळ्यांत पडे, आणि वेळ निभावून नेण्यास आमच्याजवळ एक हुकमी गोष्ट असे. अमेरिकेंत टॅकोमा येथें 1 जुलै 1940 रोजीं खुला झालेला भव्य झुलता पूल त्याच वर्षीं 7 नोव्हेंबरला, ताशीं सुमारें 40 मैलांच्या वाऱ्यांत, पिळवटून पडला. आम्ही मुलांना सांगत असूं कीं वाऱ्याच्या झोतांची लय पुलाच्या लयीशीं जुळली आणि अनुस्पंदनानें पूल गेला. गोष्ट सोपी होती, गोड होती आणि चुकीची होती. तो वारा झोपाळा ढकलणाऱ्या मुलासारखा ताल धरून ढकलीत नव्हता. तो एकसारखा वाहत होता. पुलाचा पातळ पृष्ठभाग एकदां पिळला गेला कीं त्या पिळण्यानेंच वाऱ्याचा दाब असा बदले कीं पुढची पिळवट अधिक जोराची व्हावी. ताल पुलाचाच होता. वारा फक्त बळ पुरवीत होता. 1991 सालीं बिल्ला आणि स्कॅनलन या संशोधकांनीं पाठ्यपुस्तकांतील ही चूक उघड करून दाखविली. त्यानंतरहि आम्ही कित्येक वर्षें तीच गोष्ट रंगवून सांगत राहिलों. त्या वर्गांतले विद्यार्थी आज आपल्या मुलांना तीच सांगत असतील, तर त्यांची आम्ही येथें क्षमा मागतों.

मग आमच्या दगडी कमानींचें काय? कमानींतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेललेला असतो, आणि पुलाचें स्वतःचें वजन इतकें असतें कीं ट्रकाचा भार त्यापुढें थोडाच. म्हणून तो हलतो तें डोळ्यांस दिसत नाहीं. त्याचा मोठा शत्रु वरून येत नाहीं, खालून येतो. पुराचें पाणी खांबाला अडलें कीं पायथ्याशीं भोंवरे उठतात आणि तळची माती उकरून नेतात. राजाराम बंधाऱ्याशीं पाणी 39 फुटांवर गेलें म्हणजे इशारा आणि 43 फुटांवर गेलें म्हणजे धोका, हें कोल्हापुरांत शाळकरी पोरालाहि पाठ असतें. 2019 आणि 2021 सालीं तें 43 च्या कितीतरी वर गेलें होतें. आणि महाडजवळ सावित्री नदीवरचा 1928 सालचा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्रीं पुरांत कोसळला, तेव्हां पुढें पूल उरलेला नाहीं हें अंधारांत न कळल्यानें दोन एस. टी. गाड्या उतारूंसह पाण्यांत गेल्या.

डोळ्यांस न दिसणाऱ्या हालचालीवर पाळत ठेवावी कशी? येथें एक दुसराच सेतु पुलाच्या मदतीस येतो. तो विजेचा. क्रिस्टी यांनीं 1833 सालीं त्याची कल्पना मांडली, आणि 1843 सालीं व्हीटस्टन यांनीं ती प्रसिद्धीस आणली म्हणून तो त्यांच्या नांवानें चालतो. चार विद्युत्-रोधांची एक चौकट करतात. दोन्ही बाजूंचें प्रमाण सारखें असलें कीं मधल्या तारेंतून वीज वाहत नाहीं. कांटा शून्यावर राहतो. एका रोधांत लवमात्र फरक पडला कीं कांटा सरकतो. पुलाच्या तुळईला केंसासारख्या बारीक तारेची पट्टी चिकटविली, तर तुळईबरोबर ती तारहि ताणली जाते, तिचा रोध किंचित् वाढतो आणि व्हीटस्टनचा सेतु तें तत्काळ सांगतो. पुलावर पुलाचाच पहारा! हें ऐकून आमच्यांतला म्हातारा शिक्षक मनापासून सुखावला.

पुतण्यानें आणखी एक सेतु सांगितला. तो मात्र केवळ गणितांतला. 1935 सालीं आइन्स्टाइन आणि रोझेन यांनीं सापेक्षतावादाच्या समीकरणांतून अवकाशाच्या दोन पटलांना जोडणारा सेतु काढून दाखविला. या गणिताचें कोल्हापुरास वावडें नाहीं. बनारसच्या हिंदु विश्वविद्यालयांत तें रुजविणारे विष्णु वासुदेव नारळीकर येथलेच, आणि त्यांचे चिरंजीव, 2025 सालीं निवर्तलेले जयंतराव, यांचा जन्महि 1938 सालीं येथेंच झाला. पण आम्हांला मौज वाटली ती पुढच्या गोष्टीची. 1962 सालीं फुलर आणि व्हीलर यांनीं दाखविलें कीं हा सेतुहि स्थिर नाहीं. तो उघडतो आणि प्रकाशाचा किरण पलीकडे पोंचण्यापूर्वींच मिटून जातो. म्हणजे जो कोणी बांधला नाहीं, ज्यावर कोणी पाऊल ठेवलें नाहीं, तो सेतुहि हलल्यावांचून राहत नाहीं.

इतकें समजल्यावर आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली आणि झोंप लागेना. कांहीं वर्षांमागें पावसाळ्यांत सहलीला गेलों असतां आमचीं थोरलीं नातवंडें एका लहानशा लोखंडी पुलावर एका तालांत उड्या मारीत होतीं. पूल डोलत होता, मुलें खिदळत होतीं, आणि आम्ही कांठावर उभे राहून कौतुकानें हंसत होतों. पुढें 15 जून 2025 रोजीं, रविवारीं, तळेगांवजवळ कुंडमळा येथें इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल सहलीला आलेल्या गर्दीखालीं कोसळला आणि चार जण दगावले. पूल धोक्याचा असल्याची पाटी तेथें होती. ती बातमी वाचून "लोकांना शिस्त नाहीं" असें आम्हीं घरांत मोठ्यानें म्हटलेलें आठवतें. तो कांठावरचा हंसणारा आजोबा त्या वेळीं आम्हांला आठवला नाहीं.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना हें शास्त्र अपरिचित नाहीं. आमच्या घरांत एके काळीं जुना वाडा विकण्यावरून भावाभावांत वाद पेटला होता. एकाचा आवाज चढे म्हणून दुसऱ्याचा चढे, आणि दुसऱ्याचा चढे म्हणून पहिल्याचा. भांडण वाढवावें असें कोणाच्याच मनांत नव्हतें. पावलें आपोआप जुळत होतीं. थोरल्या वहिनी रोज रात्रीं एवढेंच म्हणत, "उद्यां सकाळीं बोला." सकाळीं निम्मा आवेश विरलेला असे. वाडा शेवटीं विकलाच, पण घर फुटलें नाहीं. वहिनींना त्या वेळीं आम्ही भित्र्या समजत होतों.

काल नातवाला घेऊन पुन्हा घाटावर गेलों आणि आधींचें उत्तर मागें घेतलें. "पूल हलतो, बाळ. सगळे पूल हलतात." त्यानें क्षणभर विचार केला आणि विचारलें, "मग आपण कसें जायचें हो, आजोबा?"

"पाटी वाचून," आम्हीं सांगितलें, "गर्दी न करतां, आणि सगळ्यांनीं एकदम पाऊल न टाकतां."