न वाचलेल्या स्त्रिया

निदान हेही एक वाचनच असते, असे आम्ही मानतो. लिओ कॅनर यांचा स्वमग्नतेवरील मूळ निबंध (१९४३) अवघ्या ११ मुलांवर बेतलेला. त्यांत ८ मुलगे, घरे बहुतांशी उच्चशिक्षितांची. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री त्या पात्रयादीत नव्हतीच. म्हणून तिचे मौन उद्धटपणा ठरले, गोंगाटाने असह्य होऊन झालेला उद्रेक 'आक्रस्ताळी काळी बाई' या तयार साच्यात बसला आणि निमूट सोसणे 'कणखरपणा' म्हणून गौरवले गेले. तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या २०२३ च्या अहवालात आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांतील प्रमाण गोऱ्या मुलांहून प्रथमच अधिक नोंदले गेले. मुले दिसू लागली. त्यांच्या कित्येक आया-आज्या मात्र निदानावाचूनच राहिल्या. गौरव हेही दुर्लक्षाचेच रूप असू शकते. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी साच्याला स्वभावचित्रण समजू नये.